उपाशी मीटर

तिला सगळे मीटरबाई म्हणत. खुद्द तिचा मोठा भाऊसुद्धा गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, "थांबा हं, आमच्या मीटरबाईंना विचारतो." दुकान भावाचं, पाटी भावाची, गोड बोलायचं कामही भावाचं. मागच्या खोलीत, खिडकीलगतच्या टेबलाशी बसून प्रत्येक ॲम्प्लिफायर खरोखर किती वॉट देतो ते मोजायचं काम मात्र हिचं. बावीस वर्षं ती तेच करत होती, आणि बावीस वर्षांत तिने तोंडाने कधी सरळ आकडा सांगितला नव्हता. "नव्वदच्या आसपास," ती म्हणायची. आसपास म्हणजे किती, असं कोणी विचारलंच तर, "पंच्याऐंशी ते पंच्याण्णव, आणि तेही माझा मीटर शुद्धीवर असेल तर." दादा कपाळाला हात लावायचा. लग्नाचं विचारलं तेव्हाही हिने "होईल आसपास कधीतरी" म्हणत चाळिशी ओलांडली, असं तो आल्यागेल्याला सांगायचा. तीही हसून घ्यायची.

पण कागदावर "आसपास" चालत नाही. गिऱ्हाइकाला कागदावर एकच आकडा लागतो, ठसठशीत, आणि खाली सही. सही मीटरबाईची असायची.

मोजायची रीत अगदी सोपी. ॲम्पला भोंगा जोडायचा नाही, नाहीतर गल्ली अंगावर येईल. भोंग्याच्या जागी आठ ओहमची जाड तारेची गुंडाळी जोडायची. सगळी ताकद त्या तारेत शिरून नुसती धग होऊन जाते. आत एक एकसुरी शिट्टी सोडायची, बटण पिळत न्यायचं, आवाज फाटायच्या अलीकडे थांबायचं आणि तारेच्या दोन टोकांना मीटर लावून व्होल्ट वाचायचे. व्होल्टचा वर्ग, भागिले आठ, झाले वॉट. शाळेतली मुलंही करतील. आणि गोची आहे ती त्या वर्गातच. व्होल्टमध्ये मीटरने पंधरा टक्क्यांची थाप मारली तर वॉटमध्ये ती बत्तीस टक्क्यांची होऊन बसते. थाप एकाची, पाप दुसऱ्याचं.

मीटर म्हणाल तर पिवळ्या प्लॅस्टिकचा, तळहातावर मावणारा, भिंतीतली वीज आहे की गेली हे बघायला वायरमन खिशात ठेवतात तसला. ॲम्प मोजायला चांगलं यंत्र लागतं हे तिला ठाऊक होतं. ते दुकानात कधी आलं नाही, आणि याच्यावाचून काही अडलंही नाही. त्या वर्षी त्या मीटरच्या पडद्यावर कोपऱ्यात बॅटरीची एवढीशी खूण उमटायला लागली.

"दादा, मीटरची बॅटरी उतरलीय."

"आकडे दिसतायत ना?"

"दिसतायत."

"मग राहू दे की. मेल्यावर बघू."

खरं सांगायचं तर दादाला विचारायचीही गरज नव्हती. बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती, आणि मीटरबाईला पाय होते. पण तिच्या डोक्यात एक समजूत घट्ट बसली होती. उपाशी माणसाचा आवाज जसा खोल जातो, तसा उपाशी मीटर आकडा कमीच दाखवणार, असं तिला वाटायचं. मग काय बिघडलं? आपण नव्वद लिहू, असतील शंभर. गिऱ्हाइकाच्या पदरात चार वॉट जास्तच पडतील. त्या खुणेकडे बघून ती उलट निर्धास्त व्हायची. बेसावध माणूस न बघता खड्ड्यात पडतो. सावध माणूस खड्डा बघतो, मोजतो, आणि मोजण्यात चुकून त्याच खड्ड्यात पडतो. वर आपण सावध होतो ही फुशारकी त्याच्याकडे उरते.

मीटर उपाशी असला की उलटाच वागतो. त्याच्या पोटात त्याची स्वतःची एक मोजपट्टी असते, बॅटरीवर पोसलेली. बॅटरी उतरली की ती पट्टीच आखडते. आणि आखडलेल्या पट्टीने कापड मोजलं की ते जास्त भरतं.

नेमकं त्याच दिवसांत धाकटीच्या नवऱ्याने खाणीची ऑर्डर आणली.

धाकटी म्हणजे मीटरबाईची धाकटी बहीण. तिचा नवरा गावाबाहेरच्या दगडखाणीत पंप चालवायचा. खाणीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसून बाहेर टाकायचं, हे त्याचं काम. सरळ माणूस. बोलताना मान खाली, पण सासरच्या दुकानाचा अभिमान असा की ऐकणाऱ्याला वाटावं, ॲम्पचा शोध आमच्या दादांनीच लावला. खाणीत सुरुंग उडवण्याआधी माणसांना हटवायला हाताने फिरवायचा जुना भोंगा होता, तो मोडला. हा मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, बाहेरचं कशाला घेता? आमच्या घरचा माल आहे. आमच्या ताई स्वतः मोजून देतात."

ताईंनी मोजून दिला. मीटरने सव्वाअठ्ठावीस व्होल्ट दाखवले. गणित केलं, शंभर वॉट आले, नव्व्याण्णव पूर्णांक काहीतरी. ती खूश झाली, कारण कोपऱ्यात बॅटरीची खूण होती, म्हणजे खरे एकशेदहासुद्धा असतील. तिने कागदावर लिहिलं: शंभर वॉट. खाली सही केली. खाणीच्या ऑफिसात नियमांचा तक्ता होता. त्यात होतं, शंभर वॉटच्या भोंग्याची सूचना तीनशे मीटरपर्यंत स्पष्ट ऐकू जाते. कागद त्या तक्त्याशेजारी चिकटवला गेला.

आठ दिवसांनी मीटर पार झोपला. बॅटरी आली. त्याच बनावटीचे, त्याच भागांचे अजून दोन ॲम्प तयार होते. मीटरबाईने पहिला मोजला, साडेचोवीस व्होल्ट. दुसरा मोजला, साडेचोवीस. तिने तार तपासली, जोड तपासले, शिट्टी तपासली. पुन्हा जुनी बॅटरी घातली, मीटर कसाबसा जागा झाला, आणि त्याने त्याच ॲम्पवर अठ्ठावीसच्या पुढचा आकडा ओरडून सांगितला. पंचाहत्तर वॉटचं यंत्र तिने शंभर म्हणून विकलं होतं.

ती तशीच उठून पुढे दादाकडे गेली.

"दादा, खाणीचा ॲम्प परत मागवायला लागेल. पंचाहत्तरचाच आहे तो. मीटरने फसवलं."

दादाने सगळं ऐकून घेतलं. चिडला नाही. उठला, त्या दोनपैकी एका ॲम्पला मागच्या अंगणात भोंगा जोडला, तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि बटण खालीवर करत विचारलं, "याची पूर्ण ताकद शंभर धर. सांग, आता शंभरचा आवाज आहे का पंचाहत्तरचा?" दहा वेळा विचारलं. तिची पाच उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

"बघ," दादा म्हणाला. "आवाज दुप्पट वाटायचा तर वॉट दसपट लागतात, हे तूच मला शिकवलंस. पंचवीस वॉटने कानाला काय कळणार? आणि मेहुण्यांनी शब्द टाकून ऑर्डर मिळवली. आता आपणच जाऊन सांगायचं, माल कमी भरला? त्यांनी खाणीत तोंड कुठे लपवायचं?"

इथे दादाला शिव्या घालायचा मोह होईल, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं: दादाचं म्हणणं खोटं नव्हतं. एका शब्दाने खोटं नव्हतं. मीटरबाईलाही ते पटलं. तिने वहीत त्या दोन ॲम्पांचे खरे आकडे लिहिले, खाणीच्या ॲम्पच्या आकड्यापुढे पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि वही मिटली.

सव्वा महिन्याने, भर दुपारी सव्वा वाजता, खाणीत सुरुंग उडाला. त्याआधी ऑफिसमधून भोंग्यावर तीनदा सूचना दिली होती. जवळच्या सगळ्यांनी ती ऐकली आणि ते आडोशाला गेले. धाकटीचा नवरा लांबच्या टोकाला, पंपापाशी होता. दगड उडून तिथवर गेला. ऑफिसपासून ते अंतर नंतर टेप लावून मोजलं गेलं. दोनशे ऐंशी मीटर.

त्या वेळी पंप चालू होता का बंद, हे कोणालाच सांगता येईना. दगडाने पंपाची वायरही तोडली होती. वारा कुठून होता हेही कोणी बघून ठेवलं नव्हतं. आणि ॲम्पचं म्हणाल, तर खाणीच्या वायरमनने घाबरून त्याच संध्याकाळी तो उघडून बघितला, नको तिथे स्क्रूड्रायव्हर घातला आणि आतले सगळे ट्रान्झिस्टर जाळले. तो ॲम्प आता पुन्हा मोजता येणार नव्हता. उरला होता तो भिंतीवरचा कागद.

तो कागद मॅनेजरने हातात घेतला आणि जगाला दाखवला. ॲम्प शंभर वॉटचा, तीनशे मीटरपर्यंत ऐकू जाणारा. माणूस दोनशे ऐंशीवर. म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं. ऐकू जाऊनही उठला नाही, म्हणजे झोपला असणार. नाहीतर आडमुठेपणा केला असणार. खाणीची काही चूक नाही. "आणि मोजलाय कोणी, तर त्याच्याच मेहुणीने," मॅनेजर म्हणायचा. "याहून भरवशाचा कागद कुठला आणू?"

बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? आठ दिवसांत सगळ्या वस्तीत तेच झालं. पंपवाला कामावर झोपला होता. जे लोक त्याच्यासोबत डबा खायला बसायचे तेच म्हणायला लागले की हो, जेवणानंतर त्याचे डोळे जड व्हायचे खरे. धाकटीची सासू आधी चवताळून भांडली, मग गप्प झाली, आणि मग एक दिवस धाकटीलाच म्हणाली, "रात्री तू त्याला नीट झोपू देत नव्हतीस का गं?" त्या दिवशी धाकटी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन ताईकडे राहायला आली.

ताईचं घर म्हणजे दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. धाकटी तिथे खिडकीत बसून राहायची. रडायची नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मीटरबाईला वाटायचं. एका दुपारी मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि सरळ विचारलं, "आई, बाबा कामावर झोपले म्हणून मेले का?"

धाकटीने तिला जवळ घेतलं, आणि मुलीच्या डोक्यावरून ताईकडे बघितलं.

"ताई, ह्यांना दुपारी झोप येतच नसे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. लग्नाला नऊ वर्षं झाली, एकदासुद्धा दुपारी पाठ टेकलेली बघितली नाही मी. पण माझं कोण ऐकणार? त्यांच्याकडे तुझा कागद आहे." तिने मुलीचे केस मागे सारले. "त्या माणसाने कधी कोणाचं वाकडं केलं नाही गं. गेला तो गेला. पण झोपाळू म्हणून गेला, हे माझ्या पोरीने जन्मभर ऐकायचं?"

स्वयंपाकघरात जाऊन मीटरबाई ओट्याला धरून उभी राहिली. तिला लाज वाटली, इतकी लाज की पाणी प्यायला हात उचलेना. ज्या माणसाने तिच्या सहीच्या भरवशावर छाती फुगवली, त्याच सहीने तो मेल्यावर त्याच्या तोंडाला काळं फासलं जात होतं.

चौकशीची तारीख लागली. त्या सकाळी दादा वर आला. धाकटी मुलीला शाळेत सोडायला गेली होती. दादाने दार लोटून घेतलं.

"तू काय बोलणार आहेस ते मला माहीत आहे," तो म्हणाला.

"मग सोपंच झालं."

"सोपं नाही. बस खाली. तू म्हणणार, मीटर चुकला, ॲम्प पंचाहत्तरचा होता. बरं. दुकान उद्या बंद, ते सोडून दे. पण खरं काय आहे ते तुझ्या तोंडून सांग. पंचवीस वॉटने त्याचा जीव गेला का?"

ती चादरीची घडी घालू लागली.

"दहापैकी पाच उत्तरं. अंगणात उभं राहून. तुझे कान, तुझी परीक्षा. वारा फिरला तर याच्या दसपट फरक पडतो. पंप चालू असेल तर शंभर काय, पाचशे वॉट असते तरी त्याला ऐकू आलं नसतं. हे तुला माझ्याहून जास्त कळतं."

"कळतं."

"मग चूक कबूल करणं वेगळं आणि खून अंगावर घेणं वेगळं. ते लोक तुझी पहिली गोष्ट ऐकतील, फरक कानाला कळत नाही ही दुसरी नाही ऐकणार." दादाचा आवाज फाटला. लहानपणी ती जिन्यावरून पडली होती तेव्हा फाटला होता तसा. "धाकटीसुद्धा नाही ऐकणार."

"दुसरी मी सांगणारच नाहीये, दादा," ती म्हणाली. "दुसरी सांगितली की पहिलीचा उपयोग काय? फरक ऐकूच येत नाही म्हटलं की झालं. शंभर काय नि पंचाहत्तर काय, भाऊजी पुन्हा झोपलेलेच."

इकडे आड तिकडे विहीर, एवढंच दादा पुटपुटला आणि खाली गेला. जाताना मात्र त्याने मोजणीची वही स्वतःच काढून तिच्या हातात दिली.

चौकशी खाणीच्याच ऑफिसात होती. लांब टेबल, टेबलावर खाणीचा नकाशा, चारी कोपऱ्यांवर वजन म्हणून खाणीतलेच दगड. चौकशीचे साहेब वयस्कर होते, जाड भिंगांचा चष्मा, हातात पेन्सिल. अलीकडे मॅनेजर. भिंतीशी बाकावर धाकटी, तिच्यापासून हातभर अंतर सोडून तिची सासू, आणि दाराशी दादा.

"हा कागद तुमचा?" साहेबांनी विचारलं.

"माझा."

"शंभर वॉट तुम्ही मोजलेत?"

"शंभर मीटरने दाखवले. ॲम्प पंचाहत्तरचा होता."

मीटरबाईने वही उघडली. बॅटरीची खूण, आखडलेली पट्टी, त्याच बनावटीचे दुसरे दोन ॲम्प, नव्या बॅटरीवरचे साडेचोवीस व्होल्ट, जुनीवरचे अठ्ठावीस; सगळं तिने एका दमात सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाच विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"माल दिल्यावर आठ दिवसांनी."

"अपघाताच्या आधी?"

"महिनाभर आधी."

बाकावर काहीतरी हललं. तिने तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

साहेबांनी खिशातून छोटा कॅल्क्युलेटर काढला. "शंभर वॉटला तीनशे मीटर धरले, तर पंचाहत्तरला..." वर्गमूळ काढलं. "दोनशे साठ." कंपास घेऊन त्यांनी नकाशावर ऑफिसभोवती एक गोल काढला, मग त्याच्या आत दुसरा. पंपाची जागा दोन गोलांच्या मधल्या पट्ट्यात पडली. आतल्या गोलाच्या बाहेर, वीस मीटरवर.

"म्हणजे सूचना तिथे पोचत नव्हती," साहेब म्हणाले.

आणि मग मॅनेजर उठला. बूट चकचकीत, हातात कुठल्याशा पुस्तकाच्या पानाची प्रत. तयारी करून आला होता.

"साहेब, असा हिशेब होत नाही. पंचाहत्तर आणि शंभर वॉट, यात माणसाच्या कानाला फरक कळत नाही. हे बघा, छापलेलं आहे. आवाज काही कुंपण घातल्यासारखा दोनशे साठवर थांबत नाही. वारा आहे, पंपाची घरघर आहे, शेकडो गोष्टी आहेत. या बाई मोजणारच आहेत ना? त्यांनाच विचारा."

त्याच्या तोंडून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, खरं बाहेर पडलं होतं. शब्दन् शब्द खरा. मीटरबाई स्वतः बोलली असती तर हेच बोलली असती, आणि याहून नीट. बावीस वर्षं जी गोष्ट ती गिऱ्हाइकांना समजावत आली आणि जिच्यावरून लोकांनी तिची टिंगल केली, ती गोष्ट आज तिच्यासमोर एका लबाड माणसाने मांडली होती, आणि ती तिला खोडून काढायची होती.

"काय बाई?" साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कानाला फरक कळत नाही, हे खरं?"

"जवळ उभं राहिलं तर नाही कळत," ती म्हणाली. "पण जिथे आवाज संपतच आलेला असतो, तिथे कळतो. तिथे थोडं कमी झालं की काहीच उरत नाही. भाऊजी त्या जागी होते."

"तुमची खात्री आहे?"

खात्री! आवाज संपतो ती जागा काही दोऱ्याची रेघ नसते. ती रोज, तासातासाला, वाऱ्याबरोबर पन्नास पन्नास मीटर पुढेमागे सरकते. त्या दुपारी ती कुठे होती हे कोणालाही सांगता येणार नव्हतं.

"खात्री आहे," मीटरबाई म्हणाली.

साहेबांनी लिहून घेतलं. मॅनेजर अजून काही बोलत होता, पण साहेबांची पेन्सिल थांबली नाही. गोल दिसतात, वारा नकाशावर दिसत नाही. अर्ध्या तासाने त्यांनी निकाल वाचून दाखवला. सूचना अपुऱ्या ताकदीच्या यंत्रावरून दिली गेली. मयत कामगारापर्यंत ती पोचली नाही. त्याचा कोणताही निष्काळजीपणा दिसत नाही. चुकीची चाचणी करणाऱ्या दुकानाविरुद्ध पुढील कारवाई व्हावी.

धाकटीची सासू बाकावरून उठली. तोंडाला पदर लावून ती मोठ्याने रडायला लागली, "माझा पोर जागा होता गं, माझा पोर जागा होता," आणि तिने हातभर अंतर ओलांडून धाकटीला पोटाशी धरलं. दाराबाहेर उभे असलेले खाणीतले दोघेतिघे पुढे आले. एकजण म्हणाला, तो कुठे दुपारी झोपायचा, आम्ही तेव्हाच म्हणत होतो. आता हे तेव्हा कधी म्हणाले होते, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

दादा तिथूनच परस्पर वकिलाकडे गेला. मीटरबाई एकटी घरी आली. चहा टाकला, तीन कप टाकला, आणि उकळून गेला तरी तशीच उभी राहिली. तासाभराने धाकटी आली. सासूसोबत रिक्षा करून आली होती. रिक्षा खाली उभी होती. तिने पिशवी काढली, मुलीचे कपडे भरले, स्वतःचे भरले, दोरीवर वाळत घातलेला फ्रॉक काढला, अजून ओलाच होता, तोही घडी घालून भरला. कपाकडे बघितलं नाही.

"शाळेतून पोरीला आम्हीच घेऊ," ती म्हणाली. "घरी जातोय."

"बरं."

धाकटी दारापर्यंत गेली आणि वळली. डोळे सुजले होते. रडून आली होती, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"एक सांग, ताई. साहेबांना सांगितलंस ते नको. मला सांग. तो ॲम्प शंभरचा असता, तर ह्यांना ऐकू आलं असतं?"

मीटरबाईला वाटलं, सांगावं. हात धरून खाली बसवावं आणि म्हणावं, मला माहीत नाही गं, कोणालाच माहीत नाही, कदाचित काहीही फरक पडला नसता, मी तुझ्या नवऱ्याला मारलं नाही. एवढं एक वाक्य बोलायला तिचा जीव तडफडला. धाकटी अजून तिची होती; उंबऱ्याच्या आतच उभी होती. पण "माहीत नाही" म्हटलं की धाकटी रिक्षात बसून त्याचाच विचार करणार. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर दहा वर्षांनी, पोरगी मोठी झाल्यावर. मग ह्यांना ऐकू आलं होतं की काय? मग का उठले नाहीत?

"हो," ती म्हणाली. "आलं असतं."

"नक्की?"

"नक्की."

धाकटीने मान हलवली. पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मग तू मला ताई नाहीस," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.